डाळिंबाच्या बाकापर्यंत

जांभळी वस्ती, कोल्हारजवळ,
जि. अहिल्यानगर
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय एंजेला,

प्रभूच्या नावाने तुम्हा सर्वांना सलाम आणि धनश्रीला मामाचे आशीर्वाद. आम्ही येथे सुखरूप आहोत. तुझ्या पुष्पावती वहिनीचे गुडघे थंडीची चाहूल लागताच कुरकुरू लागले आहेत. प्रवरेला पाणी भरपूर आहे, आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्यापूर्वी रस्त्यावरचे खड्डे बुजतील अशी यंदाही सर्वांना आशा आहे.

या पत्रासोबत पार्सल पाठवीत आहे. ते उघडताना घाई करू नकोस. जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेले सागवानी डाळिंब आत आहे. तू ते ओळखशीलच. पण काम धनश्री करणार असल्याने तिच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. फोनवर हे सांगता आले असते, परंतु हात कामात असताना कागद समोर असलेला बरा, हे मी इतकी वर्षे कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सांगत आलो आहे.

धनश्री, आपल्या वस्तीवरच्या चर्चमध्ये तुझ्या आजोबांनी, म्हणजे बेंजामिन मिस्त्रींनी, बाके घडवली होती. मधल्या वाटेच्या बाजूला प्रत्येक बाकाच्या टोकावर ओंजळीएवढे एक कोरीव फळ किंवा कणीस बसवलेले होते. हंगामाच्या सणाला जे घराणे जे पीक वेदीपुढे आणून ठेवी, ते त्याच्या बाकावर. बायकांच्या बाजूला दारापासून पहिला गहू, मग ऊस, मग द्राक्षांचा घड, आणि त्यानंतर आपले डाळिंब. आपल्याला शेत नव्हते. परसात डाळिंबाचे एक झाड होते, तेच आपले पीक. आजोबांनी ते एका बाजूला उकललेले दाखवले आहे आणि उकललेल्या जागी दाणे कोरले आहेत. अंगठा फिरवून पाहा, दाणा न् दाणा वेगळा लागतो.

गेल्या पावसाळ्यात फरशीखालून ओल आली आणि बाकांचे पाय वाळवीने पोखरले. पंच कमिटीने खुर्च्या घ्यायचे ठरवले. स्टीलच्या आहेत, उचलायला हलक्या, लग्नाला मांडवातही नेता येतात. बाके जळणात जाणार होती. मी छिन्नी घेऊन गेलो आणि वरचे सगळे तुकडे सोडवून आणले. एकाही तुकड्याला खिळा नव्हता. वडिलांनी लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या होत्या. मग एका रविवारी उपासनेनंतर अंगणात टेबल मांडून मी ज्याचा तुकडा त्याला दिला आणि त्याचे काय काय करता येईल ते दाखवले. पोत्यात बांधून माळ्यावर टाकण्यापेक्षा या वस्तू लोकांच्या उपयोगात याव्यात, हे माझे म्हणणे सर्वांना पटले. एंजू, निवृत्तीनंतर इतका सुंदर तास मी घेतला नव्हता.

आता कृती. प्रथम बारीक पॉलिश पेपर घेऊन जुना थर उतरवायचा, मात्र लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवे घासले की ओरखडे उमटतात आणि तेल लावल्यावर ते उठून दिसतात. कोरीव खाचांत पेपर जात नाही. तेथे जुना टूथब्रश वापरावा. मग जवसाचे तेल फडक्याने चोळावे आणि एक दिवस सावलीत ठेवावे. ऑइलपेंट कृपा करून लावू नये. त्याने लाकूड मुके होते.

पुढे काय करायचे, हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून आहे. मागून सपाट करून फळीवर बसवले आणि खालच्या अंगाला पितळी आकडे लावले की किल्ल्या अडकवायची फळी होते. पडद्याच्या काठीला टोक म्हणून शोभते. जड बैठकीवर बसवले तर पुस्तकांना टेकू मिळतो. मोठा तुकडा असेल तर मध्ये गोल भोक पाडून घड्याळाचे यंत्र बसवता येते. निकिताच्या घरी गव्हाच्या पेंडीचे तसे चालले आहे. लांबट तुकडा उभा कापला तर दोन सारखे भाग मिळतात आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना लावता येतात. धनश्रीने कोणतीही एक कल्पना निवडावी आणि मला फोटो पाठवावा.

धनश्रीने आजीची चौकशी केली होती; बाईची प्रकृती चांगली आहे. डोळ्यांना आता उजेडाचाही भास होत नाही, पण घरात तिचे काही अडत नाही. रविवारी ती सध्या घरीच प्रार्थना करते. नव्या फरशीच्या सिमेंटचा वास तिला सोसत नाही. तो गेला की मी तिचा हात धरून तिला घेऊन जाणार आहे. आजवर तिने हा मान कोणाला दिलेला नाही, तेव्हा मला तो मिळणार याचे थोडे अप्रूपही वाटते. तिने अजून हो म्हटलेले नाही, इतकेच.

तुझा दादा,
दानीएल


जांभळी वस्ती
५ डिसेंबर २०२४

प्रिय एंजेला,

सलाम. धनश्रीने पाठवलेला फोटो मिळाला. फळी तंतोतंत सरळ बसली आहे आणि आकड्यांमधले अंतर सारखे आहे. माझ्या वर्गात असती तर तिला पैकीच्या पैकी दिले असते. मधला आकडा दाण्यांमध्ये गेला आहे, त्याबद्दल तिने वाईट वाटून घेऊ नये. त्या जागी लाकूड जाड आहे, स्क्रू तेथे पक्का धरतो. कोणीही तीच जागा निवडली असती.

तू फोनवर विचारलेस, "दादा, सिमेंटचा वास दोन-दोन महिने राहतो का?" तेव्हा मी विषय बदलला. बाई शेजारीच बसली होती, हे एक कारण. दुसरे कारण असे की मला उत्तर माहीत होते.

वास कधीच गेला आहे. किंबहुना तो फारसा नव्हताच.

बाई चर्चला कशी जात असे, ते तू पाहिले आहेस. पायऱ्यांपर्यंत पुष्पावती सोबत असे. तेथे बाई तिचा हात सोडायची, पदर सावरायची आणि एकटी आत शिरायची. डावा हात पुढे. गहू लागला की पाऊल टाकायचे, ऊस लागला की पुढचे, मग द्राक्षे, मग डाळिंब. डाळिंबावर अंगठा एकदा फिरला की ती वळून बसायची. नवे पाळकसाहेब पहिल्या रविवारी मला म्हणाले होते, "त्या आजींना दिसत नाही, हे मला प्रभुभोजनाच्या वेळी कळलं." मी हे आनंदाने सगळीकडे सांगितले होते. सांगितले होते, आणि तरीही छिन्नी हातात घेताना मला त्याची आठवण झाली नाही. वडिलांनी खुंटी कशी ठोकली आहे, ती न फुटता कशी काढावी, एवढेच माझ्या डोक्यात होते.

खुर्च्या आल्या त्या पहिल्या रविवारी तिला मी सांगितले होते की बाके गेली आणि मी तिला धरून नेईन. ती म्हणाली, "मला कुनी बोट धरून देवळात न्यायचं न्हाई. माझी मी जाईन." आणि गेली. हात पुढे केला तो खुर्चीच्या पाठीच्या नळीवर पडला. पुढची खुर्ची, पुन्हा तीच नळी. त्याच्या पुढची, तीच. एंजू, त्या सगळ्या सारख्या आहेत. ती कुठवर आली हे तिला कळेना. अंदाजाने वळून बसायला गेली, तेव्हा खुर्ची फरशीवरून मागे सरकली, आणि ती द्राक्षांच्या बाकावरच्या सहादेवच्या आईच्या मांडीवर बसली.

कोणी हसले नाही. एक लहान मूल हसले, त्याला आईने गप्प केले. ते गप्प करणे जास्त ऐकू आले. सहादेवची आई म्हणाली, "बसा की, माझंच मूल हाय असं समजंन मी." बाईही त्यावर हसली. पण घरी आल्यावर तिने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि पुढच्या रविवारपासून ती दारातल्या खाटेवर बसून राहते. धुतलेले पातळ नेसते, डोक्याला तेल लावते, घंटा वाजली की हात जोडते, आणि बसून राहते. मी चल म्हटले की म्हणते, "तू जा. उशीर हुईल."

मागच्या पत्रात हे लिहायचे मी टाळले. तू रागावशील म्हणून नव्हे. कागदावर लिहिले की आपण ते स्वतः वाचतोच.

मी तिला म्हणालो, "बाई, एंजेलाकडून डाळिंब मागवून घेतो. तुझ्या खुर्चीला पक्कं बसवतो आणि खुर्ची फरशीला जखडून टाकतो." तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "एकटं डाळिंब घिऊन काय करू? तिथवर पोचू कशी? गव्हापासून यावं लागतं, बाबा."

हे इतके साधे होते. मी आयुष्यभर मुलांना टप्प्याटप्प्याने शिकवले आणि हा टप्पा मला माझ्या आईने सांगावा लागला.

म्हणून गेला आठवडाभर मी तिन्ही घरी जाऊन आलो. निकिताच्या घरी गव्हाची पेंडी भिंतीवर आहे, मध्ये घड्याळ, वेळ अचूक. उसाचा तुकडा त्या घराण्याने दिवाणखान्याच्या पडद्याला लावला आहे. त्यांनी हिरवा ऑइलपेंट दिला, पण तेवढे सोडले तर काम नीट आहे. सहादेवने द्राक्षांचा घड उभा कापला आणि मुलांच्या खोलीत आरशाच्या दोन्ही बाजूंना लावला. "सर, तुमी सांगितलं तसंच केलं. एक रेषबी हलली न्हाई," तो म्हणाला. खरोखरच हलली नव्हती. जिथे गेलो तिथे मला चहा मिळाला आणि माझीच कल्पना मला भिंतीवर दाखवली गेली. मी त्यांना उपयोगात आणा म्हणालो होतो. ते बाकांवर होते तेव्हाच उपयोगात होते, आणि मी ते सोडवून आणले होते.

सगळे परत द्यायला तयार आहेत. सहादेव तर बाईचे नाव निघताच म्हणाला, "दीनामावशीसाठी घरातली भित काढून देतो, घडाचं काय घिऊन बसला." माझी योजना अशी आहे. बायकांच्या बाजूच्या भिंतीला, बाईच्या हाताच्या उंचीवर, सागवानी पट्टी ठोकायची आणि तिच्यावर चारही तुकडे पूर्वीच्याच अंतराने बसवायचे. बाके होती त्या जागांच्या खुणा फरशीखाली गेल्या, पण अंतर मला तिच्या पावलावरून काढता आले. पाळकसाहेबांनी परवानगी दिली आहे. भिंतीलगतची डाळिंबाजवळची खुर्ची जखडून घेणार आहे.

तुला एवढेच करायचे आहे. आकडे उलट्या दिशेने फिरवून हळूच काढ, ओढू नकोस. पॉलिश पेपरने घासताना पडलेला सागवानी भुसा धनश्रीने ठेवला असेल तर तोच घे. नसेल तर मी पाठवतो. भुशात डिंक मिसळून घट्ट लगदा कर आणि भोकांत दाबून भर. वाळल्यावर घासून पातळीत आण आणि तेल लाव. तिन्ही भोके दिसेनाशी होतील.

डोळ्यांना दिसणार नाहीत. बोटांचे मला सांगता येत नाही.

शक्य झाले तर पार्सल न करता तूच घेऊन ये.

तुझा,
दादा


जांभळी वस्ती
६ जानेवारी २०२५

प्रिय एंजेला,

नव्या वर्षाचा सलाम. धनश्रीच्या परीक्षेमुळे तुला येता आले नाही, हे मी समजू शकतो. पार्सल वेळेत मिळाले. भोके इतकी सुबक बुजवली आहेत की भिंगातूनही शोधावी लागतात. दाण्यांमधल्या जागी तर तू सुईने नवा दाणा कोरण्याचाही प्रयत्न केलेला दिसतो. तो मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

शनिवारी सहादेव आणि मी मिळून पट्टी बसवली. द्राक्षांचे दोन भाग मी खुंटी घालून आणि शिकंज्यात आवळून जोडले. उसावरचा रंग उतरवायला फार कष्ट पडले. कोरीव खाचांतला शेवटपर्यंत गेला नाही. गव्हाच्या पेंडीत घड्याळाचे भोक होते, त्यात सागवानाची चकती बसवली आणि वर कणसे कोरून काढली. तुला ठाऊक आहे, मला कोरायला शिकवता येते. कोरता तितके येत नाही. वडिलांच्या कणसांना टोकाला टोचणारी कूस आहे. माझी नुसतीच कणसे आहेत. काम संपल्यावर सहादेव चार पावले मागे सरकून म्हणाला, "सर, बेंजामिन मिस्त्रीबी फसतील." मला ते ऐकून फार आनंद झाला.

काल रविवार होता. मी बाईला सांगितले, "सगळं होतं तसं लावलंय. फक्त बाकावर नाही, भिंतीवर आहे. डावा हात पुढे कर आणि चल." ती खाटेवरून उठली. चपला घातल्या. पायऱ्यांशी पुष्पावतीचा हात सोडला, पदर सावरला. उपासना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. पण सगळी मंडळी आधीच येऊन बसली होती आणि कोणीही मागे वळून पाहत नव्हते. इतकी माणसे न पाहण्याचा प्रयत्न करताना मी कधी पाहिली नव्हती. मी दारात उभा राहिलो.

तिचा हात गव्हावर पडला. बोटे कणसांवरून वर गेली, मग मध्ये आली आणि थांबली. चकतीच्या कडेने एक बोट गोल फिरले.

"हितं काय हुतं?" तिने हळू विचारले.

"घड्याळ," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

उसावर तिचा हात जेमतेम टेकला. खाचांत उरलेला रंग बोटाला लागला असावा. तिने बोटे पदराला पुसली. मग द्राक्षे आली. घडाच्या मधोमध जोड आहे. मी तो घासून, तेल लावून, पुन्हा घासून असा केला होता की नख अडकत नव्हते. ती तेथे थांबली. अंगठा वरून खाली गेला, पुन्हा वर आला आणि पुन्हा खाली गेला. जशी बाळाच्या अंगावरची जखमेची खूण आपण चाचपतो, तसा.

पुढे एका पावलावर डाळिंब होते. तिला ते माहीत होते. अंतर चुकले नव्हते. तिने हात पुढे केला नाही. मागे घेतला आणि उभी राहिली.

"दानीएल, कुठं हायस तू?"

"इथेच आहे, बाई."

"हात दे."

मी पुढे जाऊन हात दिला. तिने तो मनगटाशी धरला, लहान मुले धरतात तसा, आणि मी तिला डाळिंबाजवळच्या खुर्चीवर बसवले. खुर्ची हलली नाही. तेवढे एक माझे काम नीट झाले होते.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेऊन म्हटले, "सर, मुलाने आईला हाताला धरून आणलं, हे पाहून मंडळीला फार बरं वाटलं." निकिताने फोटोही काढला आहे. तुला येईल. फोटोत आम्ही दोघे छान दिसतो.

संध्याकाळी तिला भाकरी वाढताना मी विचारले. मला विचारायचे नव्हते, पण न विचारता राहता आले नाही. "बाई, डाळिंबाला हात का नाही लावलास? एंजेलाने इतकं मन लावून केलंय."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "केलं असंल की. पोरगी गुनाची हाय." मग म्हणाली, "लावला असता तर तेबी कळलं असतं. गव्हाचं कळलं, द्राकशाचं कळलं. डाळिंब हाय तसं माझ्या हाताला हाय अजून. ते ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, "बाई, मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "कालवण वाढ."

तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि पुढेही काढणार नाही. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. येत्या रविवारी येणार का, असे विचारले, तर म्हणाली, "येईन की. तू हाईस ना न्यायला." जो मान मिळावा असे मी ऑक्टोबरात तुला लिहिले होते, तो असा मिळाला आहे.

डाळिंब मी भिंतीवरून काढलेले नाही. तू परत मागितलेस तर पाठवेन, पण मागू नकोस, अशी विनंती आहे. तिने हात लावला नाही तरी ते तेथे आहे, हे तिला माहीत आहे. तिच्या खुर्चीच्या अगदी शेजारी, जिथे होते तिथे. धनश्रीला किल्ल्यांसाठी दुसरी फळी करायची असेल तर मी साधे, नवे, चौकोनी लाकूड पाठवतो. तिला एवढे मात्र माझ्या वतीने सांग: जुना कोरीव तुकडा हाती आला की पॉलिश पेपर घेण्याआधी, भोक कुठे पाडायचे ते ठरवण्याआधी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात तो द्यावा आणि थोडे थांबावे. माझ्या शिकवण्यात ही पायरी नव्हती. आता पहिली तीच.

दर रविवारी बाईला हाताला धरून नेणारा,
तुझा दादा,
दानीएल